संरक्षण ८ टक्के की १३? बजेटच्या गोलामागची गोष्ट

२०२५ चं बजेट झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकरोडच्या आमच्या अभ्यासिकेत दोन पोरांची जुंपली, एक म्हणे संरक्षणावर ८ टक्के, पेपरात गोल छापून आलाय, दुसरा म्हणे सर १३ च्या वर येतंय, मी स्वतः भागाकार केलाय. दोघंही बरोबर होते. कसे, ते कळायला जरा मागं जावं लागतं.

हा गोल म्हणजे शाळेच्या पुस्तकातला वृत्तालेख, तो पहिल्यांदा छापला विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १८०१ मध्ये, आणि त्यात खर्चबिर्च काही नव्हता, तुर्की साम्राज्याची जमीन आशिया, युरोप, आफ्रिकेत किती किती आहे एवढंच. पण युक्ती तीच, अख्खं वर्तुळ म्हणजे सगळं आणि फाक म्हणजे वाटा, १ टक्क्याला ३.६ अंश.

आता आपलं पहिलं बजेट घ्या. स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री षण्मुखम चेट्टींनी २६ नोव्हेंबर १९४७ ला मांडलं, साडेसात महिन्यांचंच होतं, खर्च साधारण १९७ कोटी आणि त्यातले जवळपास ९३ कोटी संरक्षणाला! म्हणजे ४७ टक्के, कोनमापक लावला तर १६९ अंश, जवळजवळ अर्धी भाकरी. फळ्यावर हा गोल काढला की पोरं गप्प होतात, फाळणीचे दिवस एका फाकेत दिसतात.

पण म्हणून 'तेव्हा ४७ होतं, आता ८ वर आलं' असं लिहून मोकळं होऊ नका, कारण 'सगळं' म्हणजे काय तेच मधे बदलत गेलं. रेल्वेचं बजेट १९२४ पासून वेगळं होतं, ते २०१७ ला मुख्य बजेटमध्ये आलं. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा, ही वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगानं, म्हणजे चौदाव्या आयोगानं, २०१५ पासून ३२ वरून ४२ टक्के केला, नंतर तो ४१ झाला. आणि खरी गोम इथंच आहे, कारण पेपरात छापून येणाऱ्या 'रुपया कुठे जातो' वाल्या सरकारी गोलात हा राज्यांचा वाटाही एक फाक म्हणून धरतात, पण केंद्राच्या एकूण खर्चाच्या आकड्यात तो नसतो.

२०२५-२६ चा केंद्राचा खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात राज्यांचे १४.२२ मिळवले की गोल होतो जवळपास ६५ लाख कोटींचा. वरून संरक्षणाच्या ६.८१ लाख कोटींत सैनिकांची पेन्शन आणि संरक्षण मंत्रालयाचा नागरी खर्चही येतो, गोलात मात्र पेन्शनची फाक वेगळी आणि नागरी खर्चही दुसरीकडे, त्यामुळे संरक्षणाच्या फाकेत उरतात ४.९२ च्या आसपास. ६.८१ ला ५०.६५ नं भागा, १३.४ टक्के. ४.९२ ला ६५ नं भागा, साडेसातच्या थोडं वर, छापताना ८.

भागाकार करणाऱ्या पोराचे वडील इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये आहेत, १९२८ पासून नोटा छापणारी आपली करन्सी नोट प्रेस, त्यामुळे रुपया कुठं जातो हा प्रश्न त्याच्या घरचाच म्हणायचा. तो तेवढ्यावर थांबला नाही, त्यानं वहीत राज्यांची फाक काढून टाकली आणि गोल नव्यानं काढला. छापील गोलात सरकारी कर्जाच्या व्याजाला रुपयातले २० पैसे, म्हणजे २० टक्के, ७२ अंश. त्याच्या गोलात १२.७६ लाख कोटींचं व्याज ५०.६५ पैकी, २५ टक्के, कोनमापक ठेवला तर जवळजवळ काटकोन.