नाताळचे झाड कधी उभारावे : विदर्भाची हवा आणि तोडलेल्या फांदीचे पाणी

नाताळच्या आधीचा चौथा रविवार हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला दिवस असतो आणि तो दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. चिखलदरा, परतवाडा, यवतमाळ या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांत त्याच सुमारास चांदणी टांगण्याची आणि झाड सजवण्याची बोलणी सुरू होतात. झाड त्या रविवारी उभारावे की जर्मनीतील जुन्या रीतीप्रमाणे २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत थांबावे, हा प्रश्न आपल्याकडे हौसेचा समजला जातो. माझ्या मते तो आधी वनस्पतिशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर घरात कोणते झाड येणार यावर अवलंबून आहे. फर किंवा स्प्रूस ही थंड देशांतील नाताळची झाडे विदर्भाच्या खेड्यात मिळत नाहीत. येथे येते ती सुरूची किंवा मोरपंखीची तोडलेली फांदी, रोपवाटिकेतून आणलेली अरौकेरिया या शोभेच्या सूचिपर्णी झाडाची कुंडी, किंवा बाजारातले प्लास्टिकचे झाड. या सर्वांसाठी तारीख एकच असू शकत नाही.

तोडलेल्या फांदीचा विचार प्रथम करू, कारण घाईची किंमत तीच सर्वाधिक मोजते. जिवंत झाडात पाणी मुळांपासून शेंड्यापर्यंत सलग धाग्यासारखे ताणलेले असते. पानांतून बाष्प बाहेर पडते आणि त्या ओढीने खालचे पाणी वर येते. कुऱ्हाड लागली की हा ताण एकदम सुटतो, पाणी आत मागे सरते आणि कापलेल्या टोकातून हवा शिरते. मोरपंखीसारख्या सूचिपर्णी वर्गातील झाडांत पाणी वाहणाऱ्या पेशी जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या छिद्रांत झडपेसारखा पडदा असतो, त्यामुळे हवा फार खोल जात नाही. सुरू मात्र दिसायला पाइनसारखा असला तरी तो सपुष्प वनस्पतींपैकी आहे. त्याच्या वाहिन्या त्या मानाने लांब असतात आणि हवा अधिक आतपर्यंत पोहोचू शकते. म्हणून फांदी घरी आणल्यावर तिचे टोक पुन्हा कापावे, सुरूचे असल्यास बादलीतील पाण्याखाली धरूनच कापावे, आणि तोडल्यापासून काही तासांच्या आत ती पाण्यात उभी करावी. उशीर झाला तर कापलेला भाग राळेने किंवा चिकाने बुजू लागतो.

सुरूची ज्यांना आपण पाने म्हणतो त्या हिरव्या काड्या प्रत्यक्षात बारीक फांद्या आहेत. एक काडी हातात घेऊन हलकेच ओढली तर ती सांध्यावर सुटते, आणि त्या सांध्याभोवती दिसणारे इवलेसे दातेरी कडे म्हणजे सुरूची खरी पाने होत. काडीवरील उभ्या खाचांत श्वासरंध्रे दडलेली असतात, त्यामुळे वाऱ्याचा थेट मारा त्यांना बसत नाही. ही रचना मुळावर उभ्या असलेल्या झाडाला कोरड्या हवेत चांगली साथ देते. तोडलेल्या फांदीजवळ मात्र मुळे नाहीत आणि बुंध्यात साठलेले पाणीही फारसे नाही.

आता हवेकडे पाहू. डिसेंबरमध्ये विदर्भात पहाटेचे तापमान १२ अंशांच्या आसपास उतरते आणि दुपारी ते २८ अंशांच्या जवळ जाते. समजा, पहाटे १२ अंशांना हवेतील आर्द्रता ८० टक्के आहे. त्याच हवेत बाष्पाची भर न पडता ती २८ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांवर येते, कारण उष्ण हवा कितीतरी अधिक बाष्प सामावू शकते. पाणी शोषून घेण्याची तिची ओढ पहाटेच्या तुलनेत नऊपटींहून अधिक होते. सकाळची थंडी अंगावर घेताना आपल्याला वाटते की असल्या गारव्यात फांदी टवटवीत राहील. प्रत्यक्षात तिचे नुकसान दुपारी होते, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत तर ते अधिकच होते. कवेलूच्या घरात, भिंतीच्या सावलीच्या कोपऱ्यात, तीच फांदी जास्त टिकते.

थंड देशांत फरची झाडे पाणी मिळत राहिल्यास चार-पाच आठवडे टिकतात, हे खरे आहे. पण तेथील झाडाने तोडण्यापूर्वी शरदातील थंडी अनुभवलेली असते आणि त्या थंडीमुळे सुया घट्ट धरून ठेवण्याची त्याची क्षमता वाढते. तो अनुभव येथील फांदीला नसतो, म्हणून तेथील वेळापत्रक जसेच्या तसे आपल्या घरात आणणे मला चुकीचे वाटते. तोडलेली फांदी २२ किंवा २३ डिसेंबरला आणावी, त्याआधी नको.

फांदी उभी केल्यावर तिला साधे पाणी पुरते. साखर, मीठ किंवा डोकेदुखीची गोळी घातल्याने ती अधिक टिकत नाही. पाण्याची पातळी कापलेल्या टोकाच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. बुंधा भांड्यात बसावा म्हणून काही जण त्याची साल तासतात, तेही टाळावे, कारण पाणी वाहून नेणारे काष्ठ मुख्यतः सालीलगतच्या बाहेरील भागात असते. मोठ्या झाडासाठी पाण्याचा सर्वसाधारण हिशेब असा की बुंध्याच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागू शकते.

सजावटीत फळे येतात, आणि त्यांच्याशी एका वायूचा संबंध आहे. कॅनडातील लावाल विद्यापीठात बाल्सम फरच्या तोडलेल्या फांद्यांवर झालेल्या संशोधनात असे दिसले की तोडल्यानंतर काही दिवसांनी फांदी स्वतःच इथिलीन हा वायू तयार करू लागते आणि त्याच्या प्रभावाने सुया गळतात. इथिलीनची निर्मिती किंवा त्याचे काम रोखणाऱ्या रसायनांमुळे सुया टिकण्याचा काळ सुमारे ४० दिवसांवरून ७३ ते ८७ दिवसांपर्यंत गेला. पिकती केळी, पेरू आणि सफरचंदे इथिलीन सोडतात, तेव्हा त्यांची टोपली झाडाखाली ठेवू नये. आपली संत्री मात्र खुशाल टांगावीत. संत्र्यातून इथिलीन फार कमी निघतो आणि आंबिया बहराची फळे नेमकी याच दिवसांत हाताशी असतात. खेड्यातल्या झाडाला याहून सुंदर दागिना मला माहीत नाही.

कापसाबद्दल मात्र मी आग्रहाने सावध करीन. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरपूर असतो आणि बर्फ म्हणून तो फांद्यांवर पसरला जातो. कापसाचे तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे असतात आणि पिंजलेल्या कापसात तंतूंमध्ये भरपूर हवा असते, त्यामुळे एक ठिणगी पुरते. वाळलेली सुरूची फांदी तर पऱ्हाटीसारखी भडकते. पाणी मिळत असलेल्या फांदीत ओलावा असतो, आग लागली तरी आधी तो ओलावा तापवण्यात उष्णता खर्च होते आणि ज्वाला सहज पसरत नाही. फांदी जितके दिवस उभी, तितका हा ओलावा कमी. तारीख पुढे ढकलण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. मेणबत्त्या झाडावर लावूच नयेत. तापणाऱ्या जुन्या बल्बांऐवजी एलईडीची माळ वापरावी आणि झोपताना ती बंद करावी.

अरौकेरियाची कुंडी आणणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिला मुळे आहेत, पाणीही आहे. कमी पडतो तो प्रकाश. उघड्यावर दुपारी सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात तो शंभर-दोनशे लक्सवर येतो. आपले डोळे जुळवून घेत असल्यामुळे हा फरक जाणवत नाही, पण झाडाची अन्ननिर्मिती जवळजवळ थांबते. खालच्या फांद्या एकदा वाळल्या की अरौकेरियाला त्या जागी पुन्हा फुटत नाहीत. त्यामुळे संपूर्ण आगमनकाळ, म्हणजे २२ ते २८ दिवस, कुंडी आत ठेवणे योग्य नाही. ती ओसरीवरच सजवावी आणि घरात आणायचीच असेल तर १८ डिसेंबरच्या सुमारास आणावी. प्लास्टिकच्या झाडाला यांपैकी कोणतेही बंधन नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उभारण्यास हरकत नाही.

परंपरेने सजावट ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला उतरवली जाते. तोडलेली फांदी तोवर थांबवू नये. सुया किंवा काड्या हात लावताच गळू लागल्या की ती लगेच घराबाहेर काढावी आणि चुलीजवळ रचून ठेवू नये. कुंडीतील झाड बाहेर नेताना ते एकदम उन्हात ठेवू नये. आतल्या मंद प्रकाशाची सवय झालेली पाने कडक उन्हात करपतात, म्हणून पहिले चार-पाच दिवस ते कडुनिंबाच्या सावलीत आणि नंतर सकाळच्या उन्हात ठेवावे.