फार्मास्युटिक्स आणि फार्मकॉलॉजी: फार्मासिस्टच्या अभ्यासक्रमातले दोन विषय, ज्यांची नेहमी गल्लत होते

फार्मसीला प्रवेश घेतलेल्या मुलांना घरच्यांनी विचारलं की हे दोन वेगळे विषय कसले, तर पहिल्या वर्षी बहुतेकांना नीट सांगता येत नाही. दोन्ही औषधांबद्दलच, दोन्हींची पुस्तकं जाडजूड, आणि काही प्रकरणं तर दोन्हीकडे जवळपास त्याच शब्दांत येतात. तरी फरक एका ओळीत सांगता येतो. कॅप्सूलच्या आतलं औषध शरीरात काय करतं हे फार्मकॉलॉजी सांगते. ते औषध कॅप्सूलमध्येच का भरलं, त्याच्याबरोबर आणखी काय भरलं आणि ते नेमकं कुठे, किती वेळात बाहेर पडणार, हे फार्मास्युटिक्स सांगतं.

विद्यार्थ्यांमध्ये एक समज पक्का असतो: फार्मकॉलॉजी हा खरा, डॉक्टरी वळणाचा विषय आणि फार्मास्युटिक्स म्हणजे कारखान्यात गोळ्या पाडण्याचं तंत्र. ज्याला कारखान्यात जायचं नाही त्याने ते परीक्षेपुरतं वाचावं आणि सोडून द्यावं. हा समज मला अगदी चुकीचा वाटतो, आणि या लेखाचं कारण तेच आहे.

आधी फार्मकॉलॉजी. औषधांचा परिणाम प्रयोगाने मोजायचा, ऐकीव अनुभवावर विसंबायचं नाही, या आग्रहातून हे शास्त्र उभं राहिलं. रुडॉल्फ बुखहाइम यांनी १८४७ साली डॉर्पाट इथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टू शहरात, त्यासाठी पहिली स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू केली असं मानलं जातं. आज या विषयाचे दोन मोठे भाग शिकवतात. औषध शरीरावर काय करतं हा एक: कोणत्या रिसेप्टरला (पेशीवरच्या औषध धरणाऱ्या जागेला) चिकटतं, त्याला चेतवतं की अडवतं, डोस वाढवला की परिणाम किती वाढतो, आणि कुठल्या टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. शरीर औषधाचं काय करतं हा दुसरा: ते शोषलं कसं जातं, कुठे पसरतं, यकृत त्याचं काय करतं, मूत्रपिंड ते किती वेगाने बाहेर टाकतं. दर काही तासांनी औषध रक्तातून निम्मं होतं, त्या काळाला हाफ लाइफ म्हणतात. ठरावीक अंतराने डोस देत राहिलं तर साधारण चार ते पाच हाफ लाइफनंतर रक्तातली पातळी स्थिरावते. रुग्णाला ‘औषध चालू केलं आणि फरकच नाही’ असं दुसऱ्या दिवशी का वाटतं, याचं उत्तर पुष्कळदा या हिशेबात असतं.

या विषयाचं जुनं प्रॅक्टिकल म्हणजे गिनीपिगच्या आतड्याचा छोटा तुकडा ३७ अंशांच्या क्षारद्रावणात टांगायचा, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि स्नायू आकसवणाऱ्या ॲसिटिलकोलिनचे वाढते डोस घालत तो किती आकसतो ते नोंदवायचं. मग त्याला अडवणारं ॲट्रोपिन घालून तेच पुन्हा करायचं: आलेख तसाच्या तसा उजवीकडे सरकतो, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी जास्त डोस लागतो. आता अनेक ठिकाणी हे संगणकावर करून घेतात. प्राण्यांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. आलेख का सरकला हे मात्र विद्यार्थ्याला समजलं पाहिजे.

फार्मास्युटिक्सची सुरुवात खलापासून होते. तेलाचं इमल्शन, म्हणजे तेल आणि पाणी यांचं एकजीव मिश्रण, करताना चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक हे प्रमाण प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यात कायमचं बसतं. कोरड्या खलात तेल आणि डिंक कालवायचे, पाणी एकदम ओतायचं आणि हात न थांबवता एकाच दिशेने जोरात घोटत राहायचं. जमलं तर काही वेळाने मिश्रण पांढरं होतं आणि खलातून चटचट आवाज येऊ लागतो. तो आवाज येण्याआधीच घाईने उरलेलं पाणी घातलं तर इमल्शन फुटतं, आणि फुटलेलं इमल्शन पुढे कितीही घोटलं तरी सहसा सावरत नाही. हे ज्याने हाताने केलं आहे, त्याला ‘बाटली हलवून घ्या’ ही सूचना औपचारिक वाटत नाही. सस्पेन्शनची, म्हणजे न विरघळलेले औषधाचे कण तरंगत असलेल्या पातळ औषधाची, बाटली न हलवता दिली तर पहिल्या डोसांत औषध कमी आणि तळाच्या डोसांत जास्त जातं. लहान मुलाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नसतो.

पुढे गोळ्या येतात. गोळीत औषधाखेरीज आकारमान वाढवणारा पदार्थ असतो, कण बांधून ठेवणारा असतो, पोटात गोळी फोडणारा असतो आणि यंत्राला न चिकटू देणारा असतो. या शेवटच्या कामासाठी बहुधा मॅग्नेशियम स्टिअरेट वापरतात, तेही अगदी थोडं. पण ते गरजेपेक्षा जास्त वेळ मिसळत राहिलं तर प्रत्येक कणावर पाणी न धरणारा थर बसतो, गोळी ठिसूळ होते आणि सावकाश विरघळते. घटक तेच, वजन तेच, फक्त मिसळण्याचा वेळ वाढला आणि रुग्णापर्यंत पोचणारं औषध बदललं. म्हणूनच गोळ्यांचं डिसोल्यूशन तपासतात: ३७ अंशांच्या, बहुधा ९०० मिलिलिटर द्रवात गोळी सोडून, ठरावीक वेळाने नमुने काढून किती औषध विरघळलं ते मोजतात.

आता दोन्ही विषय एकाच घटनेत कसे गुंततात ते पाहू. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये अपस्माराचे काही रुग्ण अचानक आजारी पडू लागले. तोल जाणं, डोळे थरथरणं, गुंगी, म्हणजे ते घेत असलेल्या फेनिटॉइन या अपस्मारावरच्या औषधाचा अंश जास्त झाल्याची सगळी लक्षणं. पण डोस कुणीच वाढवला नव्हता. अनेकजण तोच डोस दीर्घकाळ घेत होते. शोध घेतल्यावर दिसलं की कॅप्सूलमधला भरीचा पदार्थ बदलला होता. पूर्वी कॅल्शियम सल्फेट होतं, आता लॅक्टोज. आधीच्या कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग शोषलाच जात नव्हता. डॉक्टरांनी ठरवलेला डोस त्या कमी शोषणाच्या हिशेबाने जुळलेला होता. लॅक्टोज आल्यावर औषध पूर्वीपेक्षा बरंच जास्त शोषलं जाऊ लागलं.

एवढं फार्मास्युटिक्सने उलगडलं. पण शोषण वाढल्याने थेट विषबाधेची लक्षणं का यावीत? याचं उत्तर फार्मकॉलॉजीकडे आहे. फेनिटॉइन मोडणारी यकृतातली यंत्रणा उपचाराच्या नेहमीच्या पातळीलाच जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालत असते. त्यापुढे थोडं जरी औषध जास्त आलं तरी ते मोडायला जागा उरत नाही आणि रक्तातली पातळी शोषणाच्या प्रमाणात न वाढता त्याहून कितीतरी जास्त चढते. दुसरं एखादं औषध असतं तर हाच बदल कदाचित कुणाच्या लक्षातही आला नसता. दोहोंपैकी एकच विषय येणाऱ्या माणसाला ही घटना अर्धीच समजेल.

रोजच्या वापरातल्या औषधाचं उदाहरण हवं असेल तर ओमेप्राझोल पाहा. आम्लता कमी करणारं हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून कॅप्सूलमधल्या दाण्यांवर असं आवरण देतात की ते जठरात शाबूत राहतं आणि आतड्यातल्या कमी आम्ल वातावरणात विरघळतं. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तावाटे जठराच्याच आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं. दाण्यांचं आवरण हा झाला फार्मास्युटिक्सचा भाग, त्यामुळे ‘दाणे चावू किंवा कुटू नका’. पुढचा भाग फार्मकॉलॉजीचा: हे औषध पेशीतला आम्ल सोडणारा पंप कायमचा बंद करतं, पण जो पंप त्या वेळी चालू असेल तोच. पंप जेवणाने चालू होतात, त्यामुळे ‘जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्या’. औषध रक्तातून तासाभरातच निम्मं होतं, तरी परिणाम दिवसभर टिकतो, कारण बंद झालेला पंप परत सुरू होत नाही, पेशीला नवे बनवावे लागतात. पाकिटावरच्या या दोन सूचना शेजारी शेजारी छापलेल्या असतात, पण त्या दोन वेगळ्या वर्गांत शिकवल्या जातात.

गल्लत सगळ्यात जास्त कुठे होते? फार्मकोकायनेटिक्समध्ये, म्हणजे औषधाचा शरीरातला प्रवास आकड्यांत मांडणाऱ्या भागात. तो दोन्ही विषय शिकवतात आणि विद्यार्थी वैतागतात की तेच समीकरण दोनदा का. दृष्टिकोन वेगळा असतो. फार्मकॉलॉजीत हे गुण त्या औषधाचे आणि त्या रुग्णाचे असतात: मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस किती कमी करायचा वगैरे. फार्मास्युटिक्सच्या बाजूला, बायोफार्मास्युटिक्समध्ये, प्रश्न गोळीबद्दल असतो: दोन उत्पादकांच्या गोळ्या एकमेकींच्या जागी देता येतील का? त्यासाठी रक्तात पोचलेल्या औषधाची तुलना करतात आणि दोन्हींच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास अंतराल (खरं गुणोत्तर बहुधा ज्यात असेल तो पट्टा) साधारण ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. जेनेरिक औषधांवर लोकांचा विश्वास बसायचा तर ही कसोटी फार्मासिस्टला सोप्या भाषेत सांगता आलीच पाहिजे. माझ्या मते अभ्यासक्रमातलं हे सगळ्यात कमी लेखलं गेलेलं प्रकरण आहे.

ज्यांना अजूनही भरीचे पदार्थ दुय्यम वाटतात त्यांनी १९३७ची अमेरिकेतली घटना वाचावी. सल्फॅनिलमाइड हे तेव्हाचं नावाजलेलं जंतुरोधक औषध गोळी-पावडरीच्या रूपात वापरात होतंच. ते पातळ स्वरूपात द्यायचं म्हणून डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं गेलं, आणि तो द्रावक विषारी आहे का हे कुणी तपासलं नाही. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत बरीच मुलं होती. पुढच्याच वर्षी तिथे औषध विक्रीआधी सुरक्षितता दाखवणं कायद्याने बंधनकारक झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फार्मकॉलॉजी फक्त फार्मासिस्ट शिकत नाही. डॉक्टर ती शिकतात, दंतवैद्य शिकतात, नर्सना तिचा बराच भाग शिकवतात. फार्मास्युटिक्स मात्र रुग्णाभोवती असलेल्या या सगळ्या माणसांपैकी एकट्या फार्मासिस्टने सखोल शिकलेलं असतं. डोस चुकला तर तो पकडणारे डोळे दोन-तीन जोड्या असतात. गोळी योग्य, डोस योग्य, पण गोळीचं रूप त्या रुग्णाला चालणारं नाही, हे ओळखणारा बहुधा एकच असतो. म्हणून रुग्णांमध्ये काम करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्याने फार्मास्युटिक्सकडे पाठ फिरवणं मला जास्त खटकतं.

दोन्ही विषय जोडले जातात ते प्रत्यक्ष प्रशिक्षणात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार फार्मासिस्टचं शिक्षण किमान पाच वर्षांचं असतं आणि त्यात सहा महिने लोकांसाठी खुल्या फार्मसीत किंवा रुग्णालयात काढावे लागतात. ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्ष प्रत्यक्ष काम. भारतात डी.फार्म. या पदविकेची परीक्षा झाल्यावर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तास. कालावधी वेगवेगळे असले तरी काम तेच: वेळापत्रकात वेगळे असलेले तास इथे एकाच प्रिस्क्रिप्शनवर एकत्र येतात. शिकाऊ उमेदवाराने प्रत्येक औषधाबरोबर आलेल्या माहितीपत्रकात डोस आणि दुष्परिणाम वाचून थांबू नये, इतर घटकांची यादीही वाचावी आणि ‘हा पदार्थ इथे कशासाठी’ असं स्वतःला विचारावं.

रुग्णालयात येणारा एक नेहमीचा प्रसंग घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला वेदनेसाठी मॉर्फिनची ३० मिलिग्रॅमची, हळूहळू औषध सोडणारी गोळी दर बारा तासांनी चालू आहे. आता गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातली आहे आणि नर्स विचारते, गोळी कुटून पाण्यात घालून नळीतून देऊ का? औषध बरोबर आहे, डोस बरोबर आहे, आदेशात काहीच चूक नाही. पण कुटताच गोळीची रचना मोडते आणि बारा तासांत पसरायचं मॉर्फिन एकदम मिळतं. मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंदावतं, म्हणजे धोका श्वास थांबण्याचा आहे. काही तासांनंतर वेदनेवर पुरेसं औषधही उरत नाही. फार्मासिस्ट कुटू नका म्हणतो आणि लगेच डॉक्टरांशी बोलतो: दिवसाचे एकूण ६० मिलिग्रॅम तेवढेच ठेवू, पण साध्या मॉर्फिनचं द्रावण देऊ, दर चार तासांनी १० मिलिग्रॅम. डॉक्टर नवा आदेश लिहितात, आणि पुढचा डोस नळीतून द्रावणाचा जातो.