प्लेटलेट्स घुसळून काढाव्या लागतात

रक्तपेढीत प्लेटलेट्सची पिशवी 20 ते 24 अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर ठेवतात, आणि तीही जेमतेम 5 दिवस टिकते. फ्रीजमध्ये ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात गेल्यावर लवकर बाद होतात. उबेत ठेवल्या तर जंतू वाढण्याची भीती. साठाच होत नाही. म्हणून क्योतो विद्यापीठात कोजी एतो यांच्या गटाने प्लेटलेट्सऐवजी त्यांची जननी पेशी, मेगाकॅरिओसाइट, साठवायचे ठरवले.

आधी रक्ताची किंवा त्वचेची पेशी आयपीएस पेशीत, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशीत, बदलायची, मग तिला रक्तपेशींच्या वाटेला लावायचे. मेगाकॅरिओसाइट पिकली की विभाजन थांबते, म्हणून 2014 मध्ये त्यांनी तीन जनुके घातली: सी-मिक वाढ करवते, बीएमआय-1 पेशीला म्हातारी होऊ देत नाही, बीसीएल-एक्सएल तिला मरू देत नाही. ही जनुके डॉक्सिसायक्लिनवर चालतात. हो, तेच ओळखीचे प्रतिजैविक. ते घातले की पेशी वाढत राहतात, गोठवूनही ठेवता येतात. काढून घेतले की पिकतात.

पिकल्या, तरी प्लेटलेट्स सुटेनात. अस्थिमज्जेत एक मेगाकॅरिओसाइट हजारो प्लेटलेट्स सोडते. प्रयोगशाळेतल्या स्थिर बशीत मोजक्याच. उंदराच्या अस्थिमज्जेत डोकावल्यावर कळले की प्लेटलेट्स सुटतात तिथे रक्ताचा प्रवाह खळबळता असतो. मग वर-खाली हलणाऱ्या पात्यांचे भांडे बनवले. काम ताक घुसळण्याचेच, पण मोजून: खळबळ कमी पडली तर उत्पन्न घटते, ताण फार झाला तर पेशी फाटतात. 2018 मध्ये अशा 8 लिटरच्या भांड्यातून शंभर अब्जांच्या घरात प्लेटलेट्स मिळाल्या.

भांड्यात 37 अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानाला, आणखी एक घोटाळा होतो. एडीएएम-17 हे विकर (एन्झाइम) प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे जीपी-वन-बी प्रथिन कापून टाकते. तेच गेले, तर वाहत्या रक्तात जखमेला चिकटणार कशाने? म्हणून विकर रोखणारे द्रव्य घालावे लागते.

विभाजन करवणारी जनुके घातलेल्या पेशी म्हटल्यावर कर्करोगाची शंका येणारच. प्लेटलेटला केंद्रकच नसते, त्यामुळे पिशवीवर किरणांचा मारा केला की चुकून राहिलेल्या जननी पेशींचे विभाजन बंद पडते, प्लेटलेट्स मात्र शाबूत राहतात.

माणसावरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल 2022 मध्ये आला. ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे अस्थिमज्जेत पुरेशा रक्तपेशी न बनण्याच्या आजाराच्या, एका रुग्णाच्या शरीरात परक्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडे होती, म्हणून त्याच्याच पेशींपासून प्लेटलेट्स बनवून मात्रा वाढवत तीनदा दिल्या. गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. पण प्लेटलेट काउंटही म्हणावा तसा वाढला नाही. भांड्यातल्या प्लेटलेट्स नैसर्गिकपेक्षा मोठ्या असतात, तशा मोठ्या प्लेटलेट्स रक्तात फिरताना सापडल्या, एवढेच.