स्वीकार आणि सजगतेवर आधारित उपचार : पहिल्या भेटीपूर्वी वाचावयाची माहिती

आमच्या समुपदेशन केंद्रात प्रथमच येणाऱ्या अनेकांची मागणी एकच असते : ‘हे विचार माझ्या डोक्यातून काढून टाका.’ या उपचारपद्धतीत आम्ही नेमके तेच करत नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे.

डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास आणि तो आलाच तर घंटी वाजवण्यास सांगितले होते. घंटी वाजतच राहिली. शिवाय पुढे विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर त्यांच्या मनात अस्वल अधिकच येऊ लागले. भीती, अपराधीपणा किंवा नको असलेली आठवण दाबून ठेवणाऱ्याची स्थितीही बहुधा अशीच होते. म्हणून येथे विचाराशी झुंजण्याऐवजी तो ‘विचार’ म्हणून ओळखण्याचा सराव दिला जातो. ‘मी नालायक आहे’ आणि ‘मी नालायक आहे, असा विचार आत्ता माझ्या मनात आला आहे’ या दोन वाक्यांतील अंतर ऐकताना किरकोळ वाटते, परंतु पुष्कळसे काम त्या अंतरातच होते. स्टीव्हन हेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विकसित केलेल्या स्वीकार व बांधिलकी उपचारात याच्या जोडीला बांधिलकीचा आणखी एक प्रश्न असतो : मन जड असतानाही आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे कोणते लहानसे काम आज करता येईल?

सर्व तक्रारींना हा उपचार सारखाच लागू पडतो, असे मात्र नाही. नैराश्य वारंवार उलटणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांचा सजगताधारित अभ्यासक्रम आहे. सजगता म्हणजे आत्ता मनात आणि शरीरात जे चालले आहे, ते बरे-वाईट न ठरवता लक्षपूर्वक पाहणे. सुरुवातीच्या संशोधनात तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना त्याचा स्पष्ट लाभ दिसला. तीव्र नैराश्यात, जेव्हा अंथरुणातून उठणेही कठीण असते, तेव्हा डोळे मिटून बसण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. जुनाट दुखण्यासाठी ही पद्धत विशेष उपयोगी वाटते, कारण जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे सुरू केलेल्या सजगतेच्या उपक्रमात अशाच रुग्णांचा मोठा भरणा होता. दुखणे जाईलच असे नव्हे, पण त्याच्याभोवती आखडलेले आयुष्य पुन्हा मोकळे होऊ शकते. गॅस बंद केला की नाही हे दहादा पाहणाऱ्या मंत्रचळाच्या रुग्णासाठी, भीतीला सामोरे जाऊनही ती कृती न करण्याचा उपचार मुख्य असतो आणि सजगता त्याला केवळ पूरक ठरते. पूर्वीच्या आघाताच्या आठवणी उसळत असतील, किंवा भास-भ्रमाचा त्रास असेल, तर दीर्घ मौन ध्यान त्रासदायक ठरू शकते. म्हणून ते आधी अवश्य सांगावे.

इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेली मंडळीही आमच्याकडे येतात. त्या सरावाचा उपयोग होतो, परंतु ते शिबिर म्हणजे मानसोपचार नव्हे, आणि आमचा पाच-दहा मिनिटांचा सराव म्हणजे विपश्यनाही नव्हे.

‘स्वीकार’ या शब्दाने मोठा घोळ होतो, विशेषतः ‘सोसायला शीक’ हेच ऐकत वाढलेल्या स्त्रियांच्या बाबतीत. स्वीकारायचे ते मनात उठणारे दुःख किंवा भय. घरातील मारहाण, कामाच्या ठिकाणचा छळ किंवा फसवणूक नव्हे. तेथे परिस्थिती बदलणे किंवा तेथून बाहेर पडणे, हेच बांधिलकीचे पाऊल असू शकते.

मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधे या उपचारामुळे परस्पर बंद करू नयेत किंवा कमी करू नयेत. जीव द्यावा असे विचार येत असल्यास ठरलेल्या भेटीची वाट न पाहता घरातील व्यक्तीला सांगावे, ‘टेलि-मानस’च्या 14416 या शासकीय क्रमांकावर दूरध्वनी करावा, किंवा जवळच्या रुग्णालयात जावे.

पहिल्या भेटीला येताना सुरू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. त्या भेटीत ध्यान शिकवले जात नाही. तक्रार समजून घेतली जाते आणि ही पद्धत आपल्यासाठी योग्य नसेल, तर तसे त्याच दिवशी सांगितले जाते.