हंगामाच्या सुरुवातीचा हिमथर

उंच पर्वतांत पहिल्या बर्फवृष्टीपासून हिवाळा भरात येईपर्यंत जमिनीवर साचणारे बर्फाचे पातळ, तुटक आवरण. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. बर्फ थोडा म्हणजे हिमस्खलनाचा धोकाही थोडा, हा समज याच दिवसांत जिवावर बेततो.

धोक्याचे मूळ पातळपणातच आहे. जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असल्याने तळाशी तापमान ०° से.च्या आसपास राहते. पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री झपाट्याने गार पडतो. समजा, तो उणे १०° से. झाला. बर्फ २ मीटर जाड असेल, तर दर १० सेंमी.मागे अर्ध्या अंशाचा फरक पडतो, ५० सेंमी.च असेल, तर २ अंशांचा. हा फरक साधारण १ अंशाच्या वर गेला, की तळातले बाष्प वर सरकून वरच्या कणांवर गोठते. एकमेकांना धरून बसलेले बारीक कण जाऊन तिथे टोकदार, पैलूदार स्फटिक वाढतात. त्यांची चांगली वाढ झालेल्या थराला ‘डेप्थ होअर’ म्हणतात. मूठभर घेऊन दाबले तरी त्याचा गोळा होत नाही. बोटे उघडताच दाणेदार साखरेसारखे ते ओघळून जाते. भिंगातून पाहिल्यास अंगावर रेघा असलेले पेल्यासारखे स्फटिक दिसतात.

नुसता हा भुसभुशीत थर फारसा घातक नसतो. त्यावर नवा बर्फ पडून किंवा वाऱ्याने वाहून आलेला बर्फ घट्ट बसून लादी तयार झाली, की पाया कच्चा आणि वर बोजा अशी रचना होते. माणसाच्या वजनाने पाया एका जागी खचतो आणि ती मोड लादीखालून दूरवर पसरत जाते. त्या वेळी पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो. तो ऐकू आल्यावर वर-खाली तीव्र उतार असेल, तर तिथे क्षणभरही रेंगाळू नये. लादी सुटते ती बहुधा ३०° ते ४५° उतारांवर. खाली सपाटीवर चालणाऱ्याच्या वजनानेही वरचा उतार सुटू शकतो.

पहिला बर्फ उन्हाच्या बाजूला बहुधा वितळून जातो, सावलीच्या बाजूला टिकतो आणि तिथेच भुसभुशीत होत राहतो. म्हणून मोठ्या वादळाआधी उघडा पडलेला उतार जुन्या बर्फाने झाकलेल्या उतारापेक्षा बरा. स्कीवर निघालेली माणसे मात्र साहजिकच सलग बर्फ शोधतात, आणि या दिवसांत तो सापडतो कड्यालगतच्या घळींत, सावलीच्या खोलगटांत. म्हणजे नेमका जुना थर आणि वाऱ्याची लादी एकत्र येतात तिथे. कोलोरॅडोचे रॉकी पर्वत, लडाख यांसारख्या थंड, कोरड्या प्रदेशांत ही रचना अधिक आढळते. दमट किनारी पर्वतरांगांत बर्फ लवकर जाड होतो आणि पाया सावरतो.

स्खलन लहान असले तरी धोका टळत नाही, कारण खडक आणि झाडांचे बुंधे जेमतेम झाकलेले असतात. त्यामुळे गाडले जाण्याइतकीच आपटून जखमी होण्याची भीती असते. हिमनदीवरच्या भेगांवर बसलेले बर्फाचे पूलही अजून कच्चेच असतात.

पुढे बर्फ जाड होत गेला, की तळाचा थर हळूहळू बळकट होतो; पण त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर तो मीटरभर बर्फाखाली दडलेला असतो, आणि जिथे आवरण पातळ आहे, खडकाच्या कडेला किंवा सोंडेच्या माथ्यावर, तिथूनच त्याला धक्का बसतो. काही ठिकाणी तो वसंतापर्यंत टिकतो आणि वितळलेले पाणी झिरपत तळापर्यंत पोहोचले, की अख्खा हिवाळ्याचा बर्फ जमिनीपासून सुटून खाली येतो.