हनुवटीचं हाड स्वस्थ बसत नाही

अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०११ सालचे आकडे जाहीर केले, तेव्हा वाढीच्या वेगात एका शस्त्रक्रियेने बाकी सगळ्यांना मागे टाकलं होतं: हनुवटीचं इम्प्लांट, म्हणजे हनुवटी पुढे दिसावी म्हणून तिच्या हाडावर बसवलेला कृत्रिम तुकडा. वर्षभरात ७१ टक्के वाढ, एकूण २०,६८० शस्त्रक्रिया. व्हिडिओ कॉलवर लोक स्वतःचा चेहरा सतत पाहू लागले, हे त्याचं एक कारण सांगितलं गेलं. आता तर मीटिंग म्हटली की आपलाच चेहरा समोर असतो, आणि ‘तासाभरात रेखीव जबडा’ छापाच्या जाहिराती मराठी तरुणांच्या मोबाइलवरही येतात.

तासाभराचं एक वेळ खरं मानू. पण पुढच्या वीस वर्षांचं काय? सिलिकॉनचा घट्ट तुकडा हाडावर ठेवला की तो तिथे आयुष्यभर निमूट पडून राहतो, असं या जाहिराती गृहीत धरतात. हाड म्हणजे निर्जीव दगड असता, तर ते बरोबर ठरलं असतं.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. मोडण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्याच कुळातल्या या पेशी. अशी पेशी हाडाला घट्ट चिकटते, कडेने जागा बंद करते आणि आत आम्ल सोडते. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळतात, मग कॅथेप्सिन-के नावाचं विकर उरलेलं कोलॅजन तोडतं. मागे एक सूक्ष्म खळगा राहतो. खळगा कुठे पाडायचा, हे बऱ्याच अंशी हाडावरचा दाब ठरवतो. सतत दाब पडला की हाडावरच्या आवरणाचा रक्तपुरवठा दबतो, हाडात गाडलेल्या पेशींना ताण जाणवतो आणि त्या परिसरात आरएएनकेएल हे प्रथिन वाढतं. ऑस्टिओक्लास्ट तयार होण्याचा हुकूम या प्रथिनाकडूनच सुटतो. दातांना तारा लावल्यावर दात सरकतात, ते याच यंत्रणेमुळे: दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, ताणाच्या बाजूला नवं भरतं.

आता हनुवटी पाहा. तिच्यावर मेंटॅलिस हा छोटा पण जोरकस स्नायू असतो. ओठ मिटताना तो आवळतो. मधे इम्प्लांट असलं की तो ते हाडावर दाबतो, दिवसातून असंख्य वेळा. इम्प्लांटखालचं हाड झिजतं, ही नोंद रॉबिन्सन आणि शुकन या संशोधकांनी १९६९ मध्येच केली होती. इम्प्लांट हनुवटीच्या तळाशी, जाड आणि टणक हाडावर बसलं तर झीज कमी होते. ते वर, दातांच्या मुळांजवळच्या पातळ हाडावर बसलं किंवा तिकडे सरकलं, तर जास्त. पण घाबरून जाण्याचंही कारण नाही. इम्प्लांट खळग्यात रुतलं की दाब पसरतो आणि झीज बहुधा आपोआप मंदावते. अनेकांच्या बाबतीत ती फक्त एक्स-रेमध्ये दिसते, बाहेरून चेहऱ्यात फरक जाणवत नाही. दातांच्या मुळांपर्यंत पोहोचण्याचे प्रसंग विरळा. तरी ‘एकदा बसवलं की विसरून जा’ हे मात्र खोटं.

बाकीचे धोके थोडक्यात. खालच्या ओठाला संवेदना देणारी मेंटल नस उपदाढांच्या खाली जबड्यातून बाहेर येते. ती ताणली गेली तर ओठ-हनुवटी बधिर होते, बहुतेकदा काही आठवडे किंवा महिने, क्वचित कायमची. जंतुसंसर्ग सहसा होत नाही, पण झाला तर जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून राहतात, प्रतिजैविकं तिथे पुरी पडत नाहीत आणि बऱ्याचदा इम्प्लांट काढावं लागतं. शिवाय ते थोडं तिरकं सरकलं, तरी आरशात लगेच कळतं.

अपेक्षांचंही तसंच. इम्प्लांट मुख्यतः हनुवटी पुढे आणतं, तीही काही मिलिमीटर. दातांची चुकीची ठेवण त्याने सुधारत नाही, घोरणंही थांबत नाही. झोपेत जीभ मागे पडली की घोरणं वाढतं; ती पुढे ओढणारा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो आणि इम्प्लांट बसतं बाहेरच्या बाजूला. स्वतःचंच हाड कापून पुढे सरकवायची जीनिओप्लास्टी केली, तर तो स्नायूही सोबत पुढे येऊ शकतो. पण ती अधिक मोठी शस्त्रक्रिया. आणि संपूर्ण खालचा जबडाच मागे असेल, तर प्रश्न हनुवटीचा नसतोच. म्हणून आधी बाजूने काढलेला एक्स-रे आणि दातांची तपासणी हवी. जीभ टाळूला चिकटवून ठेवल्याने प्रौढांचा जबडा पुढे येतो, या रील्समधल्या दाव्याला कसलाही भक्कम पुरावा नाही.

‘आत गेलेली हनुवटी म्हणजे कच्चं मन’ असं चेहरा वाचणारे अजूनही छातीठोकपणे सांगतात. डार्विन ज्या बीगल जहाजावरून सफरीला गेला, त्याचा कप्तान फिट्झरॉय याच पंथाचा होता. डार्विनचं नाक पाहून, हा माणूस सफरीला लागणारी चिकाटी दाखवणार नाही, अशी त्याला शंका आली होती. असल्या शेऱ्यांनी खचून कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढू नये, असं मला फार मनापासून वाटतं. स्वतःला आवडतं म्हणून, सगळं समजून करून घेतलं, तर त्यात गैर काहीच नाही.

सर्जनला एक प्रश्न मात्र जरूर विचारा: पुढे कधी काढावं लागलं तर? ताणलेली त्वचा आणि मेंटॅलिस स्नायू नेहमीच पूर्वीसारखे बसत नाहीत, हनुवटी लोंबल्यासारखी दिसू शकते. अशा वेळी काही सर्जन इम्प्लांट काढतानाच जीनिओप्लास्टी करून ती मोकळी झालेली जागा हाडाने भरून काढतात.