पत्ता उपग्रहाला कळत नाही, तो हिशेबाने काढावा लागतो

मोबाइलचं लोकेशन चालू केलं की उपग्रहाला आपण दिसतो आणि तो आपला पत्ता सांगतो, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही पक्की आहे. प्रत्यक्षात जीपीएसचा उपग्रह आपल्या मोबाइलकडून काहीच ऐकत नाही. स्वतःच्या घड्याळात किती वाजले आणि स्वतः अवकाशात कुठे आहे, एवढंच तो सतत सांगत फिरतो. किमान चार उपग्रहांचे संदेश पकडायचे, ते पोचायला लागलेला वेळ पाहायचा आणि त्यावरून स्थान काढायचं, हे काम मोबाइल स्वतः करतो. हाती येतात दोन आकडे. रंकाळ्यावर उभे असाल तर साधारण १६.६९ उत्तर आणि ७४.२१ पूर्व. या आकड्यांत कोल्हापूर नाही, रंकाळा नाही, पेठही नाही.

आकड्यांवरून पत्ता किंवा पत्त्यावरून आकडे काढण्याच्या कामाला जिओकोडिंग म्हणतात. ते करणारा सर्व्हर आपल्याच खोलीतल्या संगणकावर बसवता येतो. नॉमिनॅटिम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी आहे, आणि त्याला लागणारा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या लोकनकाशातून मिळतो.

स्वतःचा सर्व्हर कशाला हवा? कोल्हापूरकरांना याचं उत्तर २०१९ आणि २०२१च्या पुरात मिळालं आहे. पंचगंगा पात्र सोडून शहरात शिरते तेव्हा मदतकार्याच्या याद्यांत पत्ते असतात आणि बोटीला हवा असतो नकाशावरचा ठिपका. नॉमिनॅटिमचा सार्वजनिक सर्व्हर सगळ्या जगासाठी फुकट आहे, पण त्याचा नियम आहे की सेकंदाला एकाहून जास्त प्रश्न विचारायचे नाहीत. वीस हजार पत्ते असतील तर साडेपाच तास लागतील, आणि एवढ्या मोठ्या याद्या तिथे पाठवणं अपेक्षितही नाही. शिवाय घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या कुटुंबांची यादी बाहेरच्या संगणकावर जाऊच नये, हे मला सर्वांत महत्त्वाचं कारण वाटतं.

सगळ्या पृथ्वीचा नकाशा भरायचा तर एक टेराबाइट डिस्क आणि १२८ जीबी रॅम लागते. आपल्याला तेवढ्याची गरज नाही. जिओफाब्रिक ही जर्मन कंपनी ओपनस्ट्रीटमॅपचे विभागवार तुकडे करून ठेवते. त्यातला भारताचा पश्चिम विभाग उतरवून घेतला की महाराष्ट्र, गोवा, गुजरात एका फाइलीत येतात. लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, भौमितिक आकृत्या समजण्यासाठी त्याला पोस्टजीआयएसची जोड, नकाशा डेटाबेसात ओतणारं ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल, पायथॉन ही संगणकभाषा आणि खुद्द नॉमिनॅटिम एवढं बसवायचं. एका रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन ‘नॉमिनॅटिम इम्पोर्ट’ ही आज्ञा त्या फाइलीच्या नावासह द्यायची. डिस्क एसएसडीच घ्या. या कामात डिस्कवर सतत इकडून तिकडे उड्या मारून वाचावं लागतं, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कचा तिथे जीव जातो. आयात वेगाने व्हावी म्हणून पोस्टग्रेसमधली एफसिंक ही सोय काही जण बंद ठेवतात. तेव्हा डेटाबेस प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरली का याची वाट पाहत नाही. चालतं, पण आयात संपल्याबरोबर ती चालू केलीच पाहिजे, नाहीतर एकदा लाइट गेली की सगळा डेटाबेस खराब होऊ शकतो.

आयात काही तास चालते. फाइल वाचण्यात तेवढा वेळ जात नाही. तो जातो इंडेक्सिंगमध्ये, म्हणजे नकाशातल्या वस्तूंची एकमेकींशी नाती आधीच लावून ठेवण्यात, आणि या सगळ्या यंत्रणेचा आत्मा तिथेच आहे.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पुष्कळ घरांना पूर्ण पत्ता लिहिलेलाच नसतो. तिथे असतात ठिपके, रेषा आणि बंद आकृत्या. हे घर कुठल्या रस्त्यावर, तो रस्ता कुठल्या भागात, तो भाग कुठल्या शहरात, हे सर्व्हर भूमितीने काढतो. त्यासाठी प्रत्येक वस्तूला ० ते ३० यांतली एक पायरी मिळते: देश ४, राज्य ८, रस्ता २६, घर ३०. हिशेब मोठ्याकडून लहानाकडे चालतो. आधी मोठ्या प्रदेशांची नाती लागतात, मग रस्त्यांची. घराची पाळी शेवटी येते, आणि ते बहुतेक वेळा जवळचा रस्ता शोधून त्याचाच पत्ता आपला मानतं.

एखादा रस्ता एखाद्या सीमेच्या आत आहे हे ठरवायची युक्ती शाळकरी पोरालाही कागदावर करता येईल. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ ओढा आणि ती सीमेला किती वेळा छेदते ते मोजा. विषम वेळा छेदली तर बिंदू आत, सम वेळा छेदली तर बाहेर. सीमा कितीही वेडीवाकडी असली तरी हे खरं ठरतं, कारण प्रत्येक छेद म्हणजे आतून बाहेर किंवा बाहेरून आत एकदा ओलांडणं. मला ही भूमितीतली अत्यंत देखणी युक्ती वाटते.

अडचण एवढीच की महाराष्ट्राच्या सीमेवर हजारो बिंदू आहेत आणि रस्ते लाखांनी. प्रत्येक रस्त्यासाठी प्रत्येक सीमा तपासत बसलो तर काम संपायचं नाही. इथे १९८४ साली अँटोनिन गटमन यांनी मांडलेली आर-ट्री ही रचना उपयोगी पडते. प्रत्येक आकृतीभोवती तिला जेमतेम सामावेल अशी आयताकृती चौकट आखायची. जवळजवळच्या चौकटींभोवती आणखी मोठी चौकट, अशा गटांभोवती त्याहून मोठी. बिंदू बाहेरच्या चौकटीतच नसेल तर आतल्या सगळ्या एका फटक्यात बाद. पिनकोडचा पहिला आकडा ४ वाचताच टपाल खातं महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड सोडून बाकी देश विसरतं, ४१६ वाचलं की कोल्हापूरच्या आसपास येतं, तशी ही छाननी आहे. मात्र चौकट म्हणजे सीमा नव्हे. महाराष्ट्राभोवती आयत आखला तर त्यात हैदराबाद आणि सुरतही येतात, म्हणजे तिथल्या प्रत्येक रस्त्यासाठी महाराष्ट्राची लांबलचक सीमा नाहक तपासावी लागेल. म्हणून नॉमिनॅटिम मोठ्या प्रदेशांचे आधीच लहान तुकडे कापून ठेवतो. तुकडा लहान, त्याची चौकट घट्ट, आणि रेघ छेदून बघायची ती त्या तुकड्यातल्या थोड्याच बिंदूंवर. हे सगळं कष्ट आयातीच्या वेळी झालेलं असल्यामुळे पुढे उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं.

आता कोल्हापुरातल्या परीख पुलाजवळ या. लोहमार्गाच्या एका अंगाला शाहूपुरी, दुसऱ्या अंगाला राजारामपुरी. एखाद्या भागाची सीमा नकाशावर आखलेली नसेल, नुसता नावाचा ठिपका असेल, तर सर्व्हर त्या ठिपक्याभोवतीचा अंदाजे परिसर धरतो. अंदाजाला रेल्वेचे रूळ दिसत नाहीत. त्यामुळे राजारामपुरीतलं घर शाहूपुरीत जाऊ शकतं. दोष गणिताचा नाही. सीमा कोणीतरी आखायची राहिलेली असते.

अक्षांश-रेखांश टाकून जागेचं शुभाशुभ सांगण्याचा धंदाही हल्ली वास्तूच्या नावाखाली चालतो. रेखांशाचं शून्य ग्रिनिचला मानायचं हे १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं, आणि आज जीपीएस वापरतं ते शून्य ग्रिनिचच्या त्या प्रसिद्ध पट्टीपासून सुमारे शंभर मीटर पूर्वेला आहे. माणसांनी सोयीसाठी ठरवलेल्या आकड्यांत तुमच्या घराचं नशीब नसतं. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. टपाल खात्याच्या २०२५च्या डिजिपिनबद्दलही अवास्तव अपेक्षा नको. दहा अक्षरांत सुमारे चार मीटरचा चौकोन नेमका सांगणारी ती उत्तम सोय आहे, पण ती याच दोन आकड्यांवरून सूत्राने निघते. पेठ कोणती हे तिलाही माहीत नाही.

पत्त्यावरून ठिपका शोधताना कोल्हापुरी पत्त्याची वेगळी तयारी करावी लागते. ‘बी वॉर्ड, सि.स.नं. अमुक, तालमीसमोर, मिरजकर तिकटीजवळ’ हे आपल्या रिक्षावाल्याला पुरतं. सर्व्हर मात्र प्रत्येक शब्द नकाशातल्या नावांशी जुळवून पाहतो आणि ‘समोर’, ‘मागे’, ‘जवळ’ यांत अडकतो. यादी पाठवण्याआधी असे शब्द, वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळ्या रकान्यात काढून ठेवावेत, आणि भाग, रस्ता, शहर एवढंच विचारावं. प्रश्नासोबत भाषा मराठी मागितली तर नकाशात जिथे मराठी नाव नोंदलं आहे तिथे उत्तर मराठीत येतं.

राहिलं अद्ययावत ठेवणं. ‘नॉमिनॅटिम रेप्लिकेशन’ ही आज्ञा नकाशातले नवे बदल ओढून घेते. राजारामपुरीची सीमा माहीतगार माणसाने ओपनस्ट्रीटमॅपवर नीट आखली की ती याच वाटेने आपल्या सर्व्हरवर उतरते, तिच्या आतले रस्ते आणि घरं ‘पुन्हा मोजा’ अशी खूण होऊन रांगेत लागतात, आणि मग परीख पुलापलीकडच्या घरांचा पत्ता राजारामपुरी असा येऊ लागतो.